चाळणीचा नारळ

"चाळणी उघडली की सगळ्यात आधी काय करायचं?" ऋतुजानं विचारलं.

"नारळ फोडायचा," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

मी तेवढी म्हणाले नाही. मी तिसऱ्या बाकावर बसले होते, वर्गातल्या बाकीच्यांची आई शोभेन अशा वयाची, आणि ते उत्तर ऐकून माझं तोंड उघडंच राहिलं होतं. ऋतुजाचं तेवढ्यात लक्ष गेलं. पंचविशीची, चुणचुणीत, कुणालाही मागे न ठेवणारी मास्तरीण होती ती.

"कुंभोजकर मॅडम, तुम्ही नाही बोललात. कळलं नसेल तर विचारा हं. लाजायचं नाही."

कळलं, असं मी सांगितलं. मग सांगा बरं, काय करायचं, असं तिनं परत विचारलं. "नारळ फोडायचा," मी म्हटलं. ती "छान" म्हणाली आणि मला उगीचच बरं वाटलं. छान म्हणून घेऊन बरीच वर्षं झाली होती.

या गोष्टीलाही आता बरीच वर्षं झाली. कोल्हापुरात राजारामपुरीत एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर हा वर्ग चालायचा. दुपार कलली की खाली खारी भाजायला घेत आणि वर कुणाचंही शिकण्यात लक्ष लागत नसे. दारावर पाटी होती, 'चाळणी प्रमाणन केंद्र, संचालक धैर्यशील मगदूम'. तीन दिवसांचा वर्ग, तिसऱ्या दिवशी परीक्षा, आणि पास होणाऱ्याला प्रमाणपत्र. मी फी भरून, सांगलीहून रोज एसटीनं येऊन, तिथं चाळणी शिकत होते.

चाळणी म्हणजे काय ते सांगायला हवं. बँकेचा, दवाखान्याचा, दुकानाचा कुठलाही प्रोग्रॅम नीट चालतोय का हे तपासणारा तो एक प्रोग्रॅम आहे. माणूस बसून जी बटणं दाबून बघेल ती चाळणी स्वतःच दाबते, व्याज बरोबर लागतंय का, चुकीचा पासवर्ड टाकला तर आत घेत नाही ना, ते बघते. सगळं ठीक असेल तर हिरवा पट्टा दाखवते, चूक सापडली तर लाल. ती सगळ्यांना मोकळी आहे. कुणीही फुकट घ्यावी, उघडून आतलं लिखाण वाचावं, हवं तसं बदलावं आणि बदललेली चाळणी पुढं दुसऱ्याला द्यावी, अशी परवानगी तिच्या निर्मात्यानं पहिल्याच दिवशी लिहून दिलेली आहे.

तो निर्माता म्हणजे मी. चाळणीची ओळ न् ओळ मी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका खोलीत बसून लिहिली होती.

फुकट वाटता तर खाता काय, असं लोक विचारायचे. त्याचं उत्तर आमच्याकडे तयार असे. चाळणी फुकट, पण ती शिकवण्याचे आणि अडलं तर मदत करण्याचे पैसे. वर्षाचा करार करा, अडलं की फोन करा, आम्ही सोडवतो. आम्ही म्हणजे मी आणि नझीर मुजावर. नझीरभाई आधी एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात होते. ती नोकरी सोडून ते माझ्या भरवशावर आले होते, आणि हे मला रोज सकाळी खोलीचं कुलूप काढताना आठवायचं. खोलीत दोन टेबलं होती आणि मध्ये फोन होता.

सुरुवातीला फोन पुष्कळ वाजला. आमचं पहिलं मोठं प्रशिक्षण कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेत झालं. चाळणी तेव्हा नवी होती आणि तिला एक खोड होती. उघडल्यावर तिला जागं व्हायला जरा वेळ लागायचा. तेवढ्यात पहिली चाचणी चालवली की ती, तपासलेल्या प्रोग्रॅममध्ये काही चूक नसताना, लाल पट्टा दाखवायची. दुसऱ्या चाचणीपासून सगळं सुरळीत. खोड मला माहीत होती, पण कुठं आहे ते सापडत नव्हतं. आणि नेमकं त्या दिवशी संचालक मंडळ येऊन मागच्या खुर्च्यांवर बसलं. मी पहिली चाचणी चालवली, भिंतभर लाल पट्टा उमटला, आणि एका संचालकांनी शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

मी वेळ मारून नेली. म्हटलं, आपल्याकडे कुठलंही काम नारळ फोडल्याशिवाय सुरू होतं का? चाळणीलाही आधी नारळ लागतो. एक रिकामी चाचणी चालवायची, ती लाल आली की नारळ फुटला समजायचं, मग खरं काम. संचालक खूश झाले, सगळे हसले, चहा आला. संगणक विभागातले शेटे साहेब तर डोळे पुसेपर्यंत हसले. पहिल्या रांगेत एक तरुण कारकून मात्र हसला नाही. तो मान खाली घालून सगळं लिहून घेत होता. तो धैर्यशील मगदूम.

पुढं त्यानं बँक सोडली आणि चाळणी शिकवायचे वर्ग काढले. तसं करायची सगळ्यांनाच मुभा होती. मला तर अभिमान वाटला, मी त्याला शुभेच्छांचं कार्डही पाठवलं. दरम्यान कित्येक रविवार घालवून मी ती खोड शोधून काढली. चाळणी उघडताक्षणी जागी होऊ लागली. नव्या आवृत्तीबरोबर मी टीप दिली की आता रिकामी चाचणी चालवण्याची गरज उरलेली नाही. त्या दिवशी नझीरभाईंनी पेढे आणले होते.

त्यानंतर हळूहळू आमचा फोन वाजेनासा झाला. करार संपत, नवे होत नसत. आम्ही त्याचा अर्थ लावला की चाळणी आता अडतच नाही, तर लोक फोन कशाला करतील? वाईट वाटायचं, पण त्या वाईट वाटण्यात ऐट होती. नझीरभाई म्हणायचे, "मॅडम, आपण जरा जादाच चांगलं काम केलंय बघा." येणाऱ्याजाणाऱ्याला मी हे वाक्य सांगत असे. शेवटी घरमालकांनी खोली दुसऱ्यांना दाखवायला सुरुवात केली तेव्हा मात्र ते सांगायचं मी सोडून दिलं.

तेवढ्यात त्याच सहकारी बँकेची निविदा आली. बँकेनं आसपासच्या छोट्या बँका आपल्यात घेतल्या होत्या आणि सगळ्या शाखांना तीन वर्षं चाळणीचं प्रशिक्षण आणि मदत हवी होती. हे काम मिळालं तर आमची खोली राहणार होती, नाही तर गाशा गुंडाळायचा होता. आणि नझीरभाईंना त्या वयात दुसरं कोण घेणार, हे मी स्वतःलाही विचारत नव्हते. निविदेत एक अट होती. काम घेणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाकडे चाळणीचं प्रमाणपत्र हवं. ते देणारं केंद्र एकच, मगदूमचं. प्रमाणपत्र देणाऱ्याला निविदा भरता येत नव्हती, एवढं एक बरं होतं.

मी शेटे साहेबांना फोन केला. ते आता विभागप्रमुख झाले होते. म्हटलं, चाळणी मी तयार केलीय हे तुम्हाला माहीत आहे.

"मॅडम, मला माहीत नसंल तर कुणाला असणार?" ते म्हणाले. "पण 'तयार केली' असा रकाना निविदेत नाही. 'प्रमाणपत्र आहे' किंवा 'नाही' एवढंच हाय. तुम्हाला काय अवघड आहे? तीन दिवस जाऊन बसा की."

म्हणून मी जाऊन बसले होते. मगदूमला कळवलं नव्हतं. ओळखीवर मिळवलं असं कुणी म्हणायला नको, कारण वर्गात माझ्याबरोबर बसलेल्यांपैकी काहीजण तीच निविदा भरणार होते. तो स्वतः बेळगावला वर्ग घ्यायला गेला होता, परीक्षेच्या दिवशी येणार होता. मला ओळखणारं केंद्रात दुसरं कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाळणीचा इतिहास झाला. फार वर्षांपूर्वी सांगलीत एका विदुषींनी चाळणी निर्माण केली, असं ऋतुजानं सांगितलं. त्यांची दृष्टी इतकी दूरची होती की तपासणीला बसण्याआधी यंत्राची आणि माणसाची मनोभूमिका तयार व्हावी म्हणून त्यांनी नारळ चाचणीची योजना केली. सगळ्यांनी मनोभूमिका लिहून घेतलं. मीही घेतलं. माझ्या शेजारी इस्लामपूरचा एक मुलगा बसायचा, त्यानं हात वर करून विचारलं की त्या बाई अजून आहेत का.

"नसाव्यात," ऋतुजा म्हणाली. "निदान या क्षेत्रात तरी नाहीत."

"वारल्या असतील," तो मुलगा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला. मी पेन्सिलीला टोक काढत राहिले.

मधल्या सुट्टीत मात्र माझ्यानं राहवलं नाही. ऋतुजाला बाजूला घेऊन म्हटलं की नव्या आवृत्तीत नारळाची गरज नाही असं मी कुठंतरी वाचलंय. तिनं समजुतीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. इंटरनेटवर काय काय येत असतं, त्यावर जायचं नाही, आपलं पुस्तक धरून चालायचं, असं तिनं सांगितलं. आणि लगेच स्वतःच्या संगणकावर चाळणी उघडून, रिकामी चाचणी चालवून दाखवली. भला मोठा लाल पट्टा आला. "बघा," ती म्हणाली, "फुटला की नाही?"

मी बघतच राहिले. ती खोड मी स्वतः काढली होती. मला वाटलं केंद्रात अजून जुनीच आवृत्ती आहे, आणि मगदूमसारख्या हुशार मुलानं ती बदलू नये याचं नवल वाटलं. याहून पुढं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी परीक्षा. सगळे प्रश्न सोपे होते, असायलाच हवेत. शेवटचा प्रश्न सक्तीचा होता आणि त्यात नापास तो परीक्षेत नापास, असं वर ठळक छापलं होतं. प्रश्न होता, 'नारळ चाचणी कोणी सुरू केली, का केली, आणि तिचे महत्त्व काय?'

हवं ते उत्तर माझ्या वहीत होतं. मनोभूमिका, दूरदृष्टी, सगळं. ते उतरवून काढलं असतं की झालं असतं. पण तीन दिवस मी त्या बाकावर गप्प बसले होते, मी वारल्याचं ऐकून घेतलं होतं, आणि आता माझाच हात माझं ऐकेना. मी लिहिलं, 'नारळ चाचणी मी सुरू केली. माझ्या प्रोग्रॅममध्ये एक चूक होती आणि संचालक मंडळासमोर माझी फजिती होत होती, म्हणून. ती चूक नंतर मी काढून टाकली. सबब नारळ चाचणीला आज काहीही महत्त्व नाही.' खाली सही केली आणि पेपर देऊन टाकला. बेकरीत जाऊन दोन खारी खाल्ल्या. फार मोकळं वाटत होतं.

संध्याकाळी निकाल लागला. सगळे पास, इस्लामपूरचा मुलगा पहिला, मी नापास. पेपर परत मिळाला, त्यावर ऋतुजाचा शेरा होता. 'उत्तर पाठ्यक्रमाला धरून नाही. विद्यार्थिनीने स्वतःला निर्माता समजून लिहिले आहे. कल्पनाविस्तार टाळावा. फेरपरीक्षा उद्या सकाळी.' खारी खाताना आलेला मोकळेपणा कुठल्या कुठं गेला. निविदा भरायला थोडेच दिवस उरले होते आणि मी नझीरभाईंची भाकरी एका ओळीच्या ऐटीसाठी घालवून बसले होते.

पिशवी उचलून जिन्याकडे निघाले तर समोरून धैर्यशील मगदूम वर येत होता. हातात बेळगावच्या कुंद्याचे डबे. मला बघून जागच्या जागी थांबला. डबे पायरीवर ठेवले आणि तिथंच, सगळ्या वर्गासमोर, वाकून माझ्या पायाला हात लावला.

"मॅडम, तुम्ही हितं? कवा आलासा? कळवायचं न्हाई का?"

मागं कुणाची तरी पाण्याची बाटली पडली. ऋतुजाकडे मी बघितलं नाही, मला तिची दया आली असती.

त्यानं मला आपल्या खोलीत नेलं, पंखा लावला, चहा सांगितला, कुंदा पुढं केला. सगळं ऐकल्यावर त्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि कपाटातून कोरं प्रमाणपत्र काढलं. तुम्हाला कसली परीक्षा, आत्ता सही करतो, म्हणाला. मी त्याला थांबवलं.

"आधी मला सांग, मगदूम. ती खोड मी केव्हाच काढलीय. तू अजून जुनी चाळणी का शिकवतोस?"

"जुनी नाही मॅडम, नवीच हाय. तुमची टीप वाचणारा बहुतेक मी एकटाच असेन."

"मग लाल कसं येतं?"

त्यानं चहाचा कप उचलला, परत ठेवला. मग सांगायला लागला. माझी दुरुस्त चाळणी बँकेनं घेतली त्या सोमवारी सगळ्या शाखांनी नेहमीप्रमाणे नारळ फोडला. नारळ हिरवा आला. असं आधी कधी झालंच नव्हतं. कारकून घाबरले, नारळ फुटला नाही म्हणून कुणी पुढची चाचणी चालवेना. शेटे साहेबांनी मगदूमला फोन केला. मला का नाही केला, असं मी विचारलं, तर तो संकोचून म्हणाला की लोकांना तुमची भीती वाटायची, तुम्ही म्हणाला असता की तसं काही नसतं. त्यानंही आधी तेच सांगून पाहिलं. शाखांतून फिरला, समजूत घातली. पण गडहिंग्लजच्या शाखाधिकाऱ्यांनी त्याला विचारलं की आता ही लाल दाखवतच नाही, तर नुसतं हिरवं बघून ही जागी आहे की झोपलीय ते आम्ही कसं ओळखायचं?

"मग काय केलंस?"

"तुमची चूक परत आत घातली." तो खाली बघत होता. "बदल करायची मुभा तुम्हीच दिलीया."

"आणि?"

"दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. सगळे कामाला लागले. एका बँकेचं बघून दुसरीनं तीच चाळणी मागितली, मग पतसंस्थांनी, मग दवाखान्यांनी. अडलं की आमच्याकडं फोन येतात. वर्ग पण त्यातनंच वाढले."

मी विचारलं, "आणि माझी? दुरुस्त केलेली? ती कोण वापरतं?"

तो बराच वेळ चहा ढवळत होता. साखर केव्हाच विरघळली असणार.

"कोण न्हाई, मॅडम."

आमचा फोन का वाजत नव्हता ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. इतकी वर्षं मी समजत होते की आमची चाळणी निर्दोष झाली म्हणून कुणाला आमची गरज उरली नाही. ती निर्दोष झाली होती हे खरं होतं, आणि म्हणूनच कुणी वापरत नव्हतं. मला रडू आलं, आणि मगदूमसमोर रडू आलं याचा राग आला. तो बिचारा कुंद्याचा डबा माझ्याकडे सरकवत राहिला.

"ही सही घ्या," तो म्हणाला. "माझ्यावर उपकार होतील."

"नको. उद्या सकाळी मी परत बसते."

बाहेर येऊन नझीरभाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, त्यांना नव्या आवृत्तीच्या पेढ्यांची आठवण होत असेल. मग ते म्हणाले, "त्यांना जे पायजे ते लिवा की मॅडम. चार ओळींचा तर प्रश्न." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

सकाळी वर्गात मी एकटी आणि समोर ऋतुजा. तिनं रात्री डोळ्याला डोळा लावला नसावा. पण पेपर तोच होता आणि शेवटच्या प्रश्नावरची सक्तीही तीच. तिनं तो प्रश्न काढून टाकला नव्हता, आणि तेव्हापासून मला ती मुलगी आवडायला लागली.

मी खवचटपणे लिहायला बसले. ठरवलं होतं की नारळाचं असं स्तोत्र लिहायचं की वाचणाऱ्याला ठसका लागावा. 'नारळ चाचणी त्या थोर विदुषींनी सुरू केली,' असं झोकात लिहिलं. दोन ओळी विदुषींच्या दूरदृष्टीवर खर्च केल्या. मग 'महत्त्व' या शब्दापाशी आले आणि गडहिंग्लजचे ते न पाहिलेले शाखाधिकारी आठवले. जागी आहे की झोपलीय ते कसं ओळखायचं? थट्टा करावी म्हणून मी त्यांचं वाक्य लिहिलं, आणि लिहिल्यावर त्याची थट्टा करता येईना. तपासणाऱ्याला चूक दिसते की नाही हे आधी तपासून घेतलं नाही, तर त्यानं दिलेल्या हिरव्याची किंमत काय? माझी निर्दोष चाळणी बंद पडून नुसताच हिरवा पट्टा दाखवत बसली असती, तर माझ्यासकट कुणाला कळलं असतं? मी सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात घालवलं आणि हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. माझी फजिती झाकायला मी जो विनोद केला होता, तो माझ्या दुरुस्तीपेक्षा शहाणा निघाला होता. मी पुरवणी मागितली. पुरवणीतलं सगळं मनापासून लिहिलं.

ऋतुजानं तिथंच बसून तपासलं. चेहरा परीक्षकाचा करून म्हणाली, "पास आहात मॅडम. पण मार्क काठावरचे आहेत. तुम्ही मनोभूमिकेचा मुद्दाच घेतला नाही."

"राहिला खरा," मी म्हटलं.

"मी मार्क देताना नाव बघितलं नाही," ती म्हणाली. मग धीर करून पुढं म्हणाली, "तुमचं कालचं उत्तर खरं होतं ना?"

"हो. आजचंही आहे."

तिला ते पटलं की नाही माहीत नाही. तिनं प्रमाणपत्र भरलं, मगदूमनं सही केली आणि खाली बेकरीत नेऊन मला खारी घेऊन दिली.

काम आम्हाला मिळालं. चाळणी मी लिहिली म्हणून नाही, आमचा दर सगळ्यांत कमी होता म्हणून. शाखांना कुठली चाळणी द्यायची हा प्रश्न होता. मी नझीरभाईंना सांगितलं की आपल्या चाळणीत लाल परत आणायचंय.

"चूक परत घालायची?"

"मगदूमनं चूक घातलीय. आपण तसं नाही करायचं. चाळणी उघडल्या उघडल्या जागीच होऊ दे. पण पहिली चाचणी मुद्दाम चुकीची द्यायची, आणि ती चूक पकडून तिनं लाल दाखवायचं. नाही दाखवलं तर पुढं जाऊ द्यायचं नाही."

नझीरभाईंनी विचार केला. "म्हंजे दिसायला तेच."

"दिसायला तेच."

"मग तुमचे ते रविवार?"

मी संगणक त्यांच्याकडे वळवला. त्यांनी निमूटपणे काम सुरू केलं आणि जेवायच्या सुट्टीआधी संपवलं.

बँकेत पहिल्या दिवशी शेटे साहेब, शाखांचे लोक, सगळे जमले होते. मी चाळणी उघडली, पहिली चाचणी चालवली. भिंतभर लाल पट्टा उमटला. शेटे साहेबांचा जीव भांड्यात पडला. "फुटला," ते म्हणाले, आणि मागं कुणीतरी चहा सांगायला गेलं.

त्याच आठवड्यात आमच्या खोलीतला फोन वाजला. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. नझीरभाईंनी रुमालानं पुसून तो उचलला, थोडं ऐकलं आणि बोलायच्या बाजूवर हात ठेवून माझ्याकडे वळले.

"गारगोटी शाखा हाय. इचारत्यात, मगदूम सरांची चाळणी ती हीच का?"

त्यांच्या डोक्यावर भिंतीला माझं प्रमाणपत्र लावलं होतं. नाव माझं, खाली सही मगदूमची, कोपऱ्यात लहान अक्षरात 'काठावर उत्तीर्ण'.

"हीच म्हणून सांगा," मी म्हटलं. "आणि विचारा, आज नारळ फुटला का?"